गोड न खाणारा मुलगा

(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त म्हैसूर येथील हेब्बाळ भागात भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



हेब्बाळ म्हटले की बहुतेकांना बंगळूरचा उड्डाणपूल आठवतो. आपल्यापैकी दोघेजण आज सकाळी तिकडेच उतरायच्या बेतात होते, असे समजले. हे हेब्बाळ म्हैसूरचे आहे, तळ्याकाठचे आणि कारखान्यांच्या शेजारचे. नोकरीनिमित्त इथे आलो त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. एका प्रयोगशाळेत जीवरसायनशास्त्राचे काम केले आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिलो. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि शास्त्राच्या वहीत इंग्रजी अशी तीन दारांची वस्ती झाली. शाळेने साठ वर्षे पूर्ण केली म्हणून माझ्याकडून आठवणींची अपेक्षा असणार. एक आठवण मी सांगणार आहे. मात्र ती सांगता सांगता मला माझ्या विषयाकडे वळावे लागेल, आणि तिच्यात माझा स्वतःचा अपराधही आहे.

पंधरा ऑगस्टला ध्वजवंदन झाले की आपल्या शाळेत जिलेबी वाटत. वर्तमानपत्राच्या चतकोर तुकड्यावर दोन जिलेब्या मिळत. कागदाला पाक लागे आणि आम्ही तो कागदही चाटत असू. माझ्या बाकावर एक मुलगा बसे. त्याचे नाव मी घेणार नाही; त्याच्या परवानगीने केवळ हकीकत सांगतो आहे. तो जिलेबी खात नसे. पेढा, लाडू, उसाचा रस, पिकलेला आंबा, केळे, यांतले काहीच खात नसे. त्याच्या वाट्याची जिलेबी तो निमूटपणे माझ्या कागदावर सरकवी आणि मी ती खात असे. मला या मैत्रीत तोटा काहीच नव्हता.

एका वर्षी मात्र ही देवघेव कोणाच्या तरी लक्षात आली. स्वातंत्र्यदिनाची मिठाई नाकारणे म्हणजे उद्धटपणा, असे वर्गात ठरले. आम्ही चौघांनी त्याला धरले आणि एकाने त्याच्या तोंडात जिलेबी कोंबली. धरणाऱ्यांत मी होतो. अर्ध्या तासात तो पांढराफटक पडला, त्याला घाम फुटला आणि तो ओकू लागला. 'नाटक करतो' असे काहीजण म्हणाले. त्याला घरी पाठवण्यात आले. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला, माझ्या शेजारी बसला आणि त्याविषयी एक शब्दही बोलला नाही.

त्याच वर्षी दातांची तपासणी झाली. आलेल्या डॉक्टरांनी त्याला बाकावर उभे केले आणि सगळ्या वर्गाला त्याचे दात दाखवले. एकही कीड नाही, एकही डाग नाही! 'असे दात घासावेत', असे ते आम्हांला म्हणाले. तो आमच्याइतकाच आळशीपणाने दात घासत असे, हे मला ठाऊक होते.

पुढे शिकत असताना एका ग्रंथात काही ओळी माझ्या वाचनात आल्या, आणि जिलेबी व दात या दोन्ही गोष्टी एकदम समोर उभ्या राहिल्या. १९५६ साली लंडनच्या चेंबर्स आणि प्रॅट या दोघांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एका तरुणीची हकीकत प्रसिद्ध केली. फळे वा साखर खाल्ली की तिला मळमळे, उलट्या होत, ग्लानी येई. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये फ्रोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दोष कुटुंबात उतरतो हे दाखवले. १९६१ साली यकृतातले नेमके कोणते विकर लुळे पडते तेही सापडले. या विकाराला आनुवंशिक फ्रुक्टोज-असहिष्णुता म्हणतात. अशी मुले वाढत्या वयात आपणहून गोडाकडे पाठ फिरवतात, त्यामुळे त्यांचे दात बहुधा निर्मळ राहतात, असे त्या ग्रंथात होते.

येथे थोडे शास्त्र सांगतो. कंटाळा आला तर खुशाल चहा घ्या. आपण खातो त्या भात, भाकरी, दूध आणि साखर या सर्वांतल्या कर्बोदकांची शेवटी साध्या शर्करांत फोड होते. भात-भाकरीतून ग्लुकोज मिळते. दुधातली शर्करा म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजची जोडी, आणि आपली रोजची साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. शरीराला मुख्यतः ग्लुकोज वापरता येते. बाकीच्या दोघांना यकृतात जाऊन रूप पालटावे लागते, आणि ते काम विकरे करतात. आपल्या प्रत्येकाजवळ प्रत्येक विकराचा लेखी नमुना, म्हणजे जनुक, दोन प्रतींत असतो: एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून आलेला. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर ते विकर तयार होत नाही किंवा तयार होऊनही काम करत नाही.

माझ्या मित्राच्या यकृतात अल्डोलेज बी नावाचे विकर काम करत नव्हते. फ्रुक्टोज यकृतात शिरले की त्याला फॉस्फेट चिकटते आणि मग त्याचे दोन तुकडे व्हावे लागतात. तुकडे करणारेच नसेल तर अर्धवट माल साचत जातो, पेशीतले फॉस्फेट अडकून पडते आणि यकृताने साठवलेले ग्लुकोजही बाहेर सोडता येत नाही. कोठारात धान्य आहे, पण किल्ली हरवलेली, अशी अवस्था होते. पोटात गोड गेलेले असते आणि रक्तातली साखर मात्र उतरलेली असते. त्या दिवशीचा तो घाम आणि ती पांढरी मुद्रा यांचा अर्थ मला तेव्हा उमगला. शालेय वयाचा मुलगा निदान तोंड फिरवू शकतो. तान्ह्या बाळाला तेही जमत नाही.

आता हकीकतीचा दुसरा भाग. माझ्या मित्राचे लग्न त्याच्या मामाच्या मुलीशी झाले. आपल्याकडे यात नवल काहीच नाही. कृष्णेच्या अलीकडे आणि पलीकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानणारी घराणी पुष्कळ आहेत, आणि कर्नाटकात तर सख्ख्या मामाशी भाचीचे लग्नही होते. त्यांना पहिला मुलगा झाला. आईच्या दुधावर बाळ गुटगुटीत होते. सहाव्या महिन्यात उष्टावण झाले आणि मामाने चांदीच्या वाटीतून साखर घातलेली खीर भरवली. त्या आठवड्यापासून बाळ ओकू लागले. मग सुरू झाले ते सगळे मायेपोटी. ताकद यावी म्हणून मध चाटवला, पोट साफ व्हावे म्हणून गुळाचे पाणी दिले, उलट्यांनी सुकू नये म्हणून मीठ-साखर-पाणी पाजले. यातला एकेक उपाय त्या बाळाला विषासारखा होता. पोट फुगले, डोळे पिवळे झाले. नवव्या महिन्यात बाळ गेले. नजर लागली असे आजी म्हणाली. आईच्या दुधात दोष असेल असेही कोणीतरी म्हणाले, वास्तविक त्या दुधावरच ते बाळ सहा महिने बाळसे धरून होते.

त्या नऊ महिन्यांत बाळाला तीन-चार ठिकाणी दाखवले गेले. ज्यांनी तपासले त्यांच्यावर माझा राग नाही. कावीळ झालेली शेकडो बाळे ते पाहत होते. पण बाळाचा बाप त्या प्रत्येक ठिकाणी खुर्चीवर बसलेला होता. आपण जन्मात गोड खाल्लेले नाही, हे सांगावे असे त्याच्या मनात आले नाही, कारण ते त्याला आजाराचे लक्षण वाटतच नव्हते. लहानपणापासून सगळ्यांनी त्याला ते खोड म्हणून सांगितले होते. आणि कोणी त्याला विचारलेही नाही.

दुसऱ्या वेळी मुलगी झाली. उष्टावणानंतर तीच लक्षणे दिसताच ते तिला घेऊन दूरच्या शहरात गेले. तिथल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी आजार कधी सुरू झाला ते विचारले, त्या दिवशी काय खाल्ले ते विचारले, आणि मग म्हणाल्या, "घरात गोड न खाणारे कोणी आहे का?" माझा मित्र मला सांगत होता, त्या प्रश्नानंतर बराच वेळ त्याला बोलता आले नाही. साखर, मध, गूळ आणि फळे त्याच दिवशी बंद झाली. पंधरवड्यात बाळ हसू लागले. पुढे कित्येक वर्षांनी जनुकीय तपासणी उपलब्ध झाली तेव्हा निदान कागदावर पक्के झाले. पण उपचार आधीच झालेला होता आणि त्याला औषधाचा एक पैसाही लागला नव्हता.

या प्रसंगातले गणित पालकांनी ऐकण्यासारखे आहे. सामान्यतः आई आणि बाप दोघेही वाहक असतात, म्हणजे प्रत्येकाजवळ एक प्रत चांगली आणि एक बिघडलेली. त्यांना स्वतःला काहीच त्रास नसतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. 'एक आजारी झाले, आता पुढची तीन सुटली' असा हिशेब करणारे लोक मी पाहिले आहेत. तो चुकीचा आहे, फासा दर वेळी नव्याने पडतो. माझ्या मित्राच्या तर दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या आणि त्याची पत्नी, त्याच्याच आजोळची, वाहक निघाली. तिथे शक्यता दोनांत एक झाली.

नात्यातल्या लग्नाने काय होते? समजा, एखाद्या दोषाचा वाहक समाजात शंभरांत एक आहे. परक्या दोघांचे लग्न झाले तर बाळाला तो आजार होण्याची शक्यता चाळीस हजारांत एक. आते-मामे भावंडांचे लग्न झाले तर ती सुमारे बत्तीसशेंत एक होते, आणि मामा-भाचीचे झाले तर सोळाशेंत एक. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. नात्यातल्या बहुसंख्य जोडप्यांची मुले धडधाकट असतात, म्हणून त्या आईबापांना दूषण देणे अन्यायाचे आहे. पण धोका बारा-पंचवीस पटींनी वाढतो हेही खरे.

हा विषय म्हैसूरला परका नाही. १९८० साली कर्नाटकात नवजात बालकांच्या रक्ताची तपासणी करणारा एक प्रकल्प सुरू झाला. देशातल्या अशा पहिल्या प्रयत्नांपैकी तो एक होता. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक अप्पाजी राव आणि त्यांचे सहकारी त्यामागे होते. बंगळूर आणि म्हैसूर या दोन शहरांत बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ते गाळणकागदावर टिपत आणि आईबापांचे परस्परांशी नाते काय तेही लिहून घेत. दशकभरात एक लाखाहून अधिक बाळांच्या नोंदी झाल्या. सुमारे एक तृतीयांश विवाह नात्यातले निघाले. त्या तपासणीचा रोख अमिनो आम्लांच्या विकारांवर होता, शर्करेच्या नव्हे. पण नात्याचा तो तक्ता आमच्या विषयालाही तितकाच लागू पडतो. अगदी अलीकडच्या, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही कर्नाटकातले हे प्रमाण चारांत एकाहून अधिकच आहे.

साखरेविषयी बोललो, दुधाचा प्रसंग याहून कठीण. गॅलॅक्टोसेमिया या विकारात दुधातल्या शर्करेचाच एक अर्धा भाग विष होतो, आणि बाळाला तर जन्मल्याबरोबर दूधच द्यायचे असते. तीन-चार दिवसांत उलट्या, कावीळ, मलूलपणा, रक्तात जंतुसंसर्ग, डोळ्यांत मोतीबिंदू. अशा वेळी आईला काय काय ऐकावे लागते ते मी येथे उच्चारत नाही. वरचे दूध सुरू केले तरी उपयोग नाही, कारण गाय-म्हशीच्या दुधातही तीच शर्करा असते. आपल्या म्हैसूरच्याच अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बाळांसाठी भुकटी करण्याची पद्धत शोधून काढली आणि देशातल्या असंख्य बाळांची सोय केली. पण या एका बाळाला ती भुकटीही आईच्या दुधाइतकीच घातक. त्याला दुग्धशर्करा नसलेला, सोयाबीनवर आधारलेला आहार लागतो. तो वेळेवर मिळाला तर यकृत सावरते, मोतीबिंदूही ओसरू शकतो. तरीही यांतल्या काही मुलांना पुढे बोलायला उशीर होतो, मुलींच्या बीजकोशांवर परिणाम होतो. आहाराने सगळेच परत मिळते असे नाही. बोलण्यासाठी वाचोपचार लवकर सुरू करावे लागतात, आणि त्या बाबतीत मानसगंगोत्रीतली वाक्-श्रवण संस्था साठच्या दशकापासून आपल्या उंबऱ्याशी आहे हे आपले भाग्य.

येथे एक इशारा दिला पाहिजे, नाहीतर घरी जाऊन कोणीतरी बाळाचे दूध तोडेल. मोठेपणी दूध प्यायल्यावर पोटात गुडगुडणे ही फार साधी आणि फार सार्वत्रिक गोष्ट आहे. तिचा गॅलॅक्टोसेमियाशी संबंध नाही. मधुमेहही वेगळा. हे विकार विरळा आहेत. फ्रुक्टोजचा विकार युरोपात साधारण वीस-तीस हजारांत एकाला आढळतो. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय तान्ह्याचे दूध कोणीही बंद करू नये.

तिसरा प्रकार साठवणीचा. जेवणानंतर उरलेले ग्लुकोज यकृत ग्लायकोजेनच्या रूपाने साठवते आणि रात्री थोडे थोडे सोडते. हे सोडण्याचे शेवटचे विकर नसेल तर मूल जेवणानंतर दोन-तीन तासांतच भुकेने व्याकूळ होते, त्याला झटके येतात. गाल बाहुलीसारखे, पोट पुढे आलेले. 'किती गुबगुबीत!' म्हणून शेजारी कौतुक करतात. फॉन गिर्के यांनी १९२९ साली या विकाराचे वर्णन केले. गर्टी आणि कार्ल कोरी या दांपत्याने १९५२ साली त्यामागचे विकर दाखवून दिले. जन्मजात चयापचयदोषाचा एका विशिष्ट विकरापर्यंत लागलेला तो पहिला माग. अशा मुलांच्या आया वर्षानुवर्षे रात्री दर तीन तासांनी गजर लावून उठत. १९८४ साली असे आढळले की मक्याचे कच्चे पिष्ट थंड पाण्यात कालवून दिले तर ते पोटात हळूहळू पचते आणि ग्लुकोज तासन्‌तास झिरपत राहते. ते शिजवायचे नाही. शिजवले की गुण गेला. आपल्या किराणा दुकानात कॉर्नफ्लोअर म्हणून मिळते ते हेच पिष्ट. भाकरीचे मक्याचे पीठ मात्र निराळे. एका आईने मला सांगितले होते की त्या पिठाने मुलाच्या रक्तातली साखर टिकली ती टिकलीच, पण तिला स्वतःला चार वर्षांनी सलग पाच तास झोप मिळाली. अशा मुलाने संकष्टी धरायची नसते, हे आजीला पटवणे तिला जास्त अवघड गेले.

स्नायूंत आणि हृदयात ग्लायकोजेन साचणारा पॉम्पे विकारही याच कुळातला. त्यावर २००६ पासून विकर शिरेतून देण्याचा उपचार आहे. तो इतका महाग आहे की सामान्य कुटुंबाने नुसता आकडा ऐकून परत फिरावे. आपल्या सरकारने २०२१ साली दुर्मिळ आजारांचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, आणि पॉम्पे, गॅलॅक्टोसेमिया व ग्लायकोजेन साठवणीचे काही प्रकार त्याच्या यादीत आले. त्यासाठी नेमलेल्या केंद्रांत मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय आहे आणि बंगळूरचे मानव आनुवंशिकी केंद्र व इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्था यांची जोडी आहे. म्हैसूरहून बंगळूर तीन तासांचे. हे पत्ते माहीत नसल्यामुळे लोक गावोगाव भटकतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

टाचेच्या रक्ताची ती तपासणी आज पुष्कळ रुग्णालयांत मागितली तर होते. २००८ साली गोवा राज्याने ती सरकारी पातळीवर सुरू केली होती. गॅलॅक्टोसेमिया तिच्यात सापडू शकतो. पण माझ्या मित्राचा विकार तिच्यात सापडत नाही, कारण जन्मलेल्या बाळाने अजून साखर चाखलेलीच नसते. तिथे अजूनही त्या बालरोगतज्ज्ञ बाईंचा प्रश्नच कामी येतो. म्हणून पालकांनो, बाळ कधीपासून बिघडले, त्या आठवड्यात त्याच्या पोटात नवे काय गेले, घरात पूर्वी एखादे मूल तसेच गेले होते का आणि आईबापांचे मूळ नाते काय, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपणहून सांगा. असे मूल घरात असेल तर औषधाच्या प्रत्येक पातळ बाटलीवर साखर किंवा सॉर्बिटॉल आहे का ते वाचा. सॉर्बिटॉलचे शरीरात फ्रुक्टोजच होते. उलट्या-जुलाबांत प्रमाणित जलसंजीवनीच्या पुड्यातले ग्लुकोज त्याला चालते, घरगुती साखरपाणी चालत नाही. आणि शाळेत कळवून ठेवा. वर्गात वाढदिवसाची चॉकलेटे वाटली जातात, सत्यनारायणाचा प्रसाद येतो. 'एक घास खाल्ल्याने काय होते' असे म्हणणारे प्रेमळ लोक सगळीकडे असतात. आपल्या बाकावर तर तसे चौघे होते.

त्या मित्राकडे मी वयाच्या पन्नाशीत क्षमा मागितली. तो म्हणाला, "अरे, त्या दिवसाचे सोड. त्याआधीच्या सगळ्या जिलेब्या तू खाल्ल्यास, त्याचे काय?" त्याची मुलगी आज कॉलेजात शिकवते. लग्नाआधी तिने होणाऱ्या नवऱ्याला सगळे सांगितले आणि त्याची तपासणी करून घेतली; तो वाहक नव्हता. त्यांना दोन मुले आहेत, दोन्ही जिलेबी खातात.

तो आज या सभागृहात बसला आहे. कुठे, ते मी दाखवणार नाही. आता भोजनाची वेळ झाली. पानात श्रीखंड आहे असे ऐकतो. पूर्वीसारखे तो त्याचे श्रीखंड माझ्या पानात सरकवील, पण दोन वर्षांपूर्वी मला मधुमेह झाला आहे. तेव्हा आम्ही दोघे वरणभातावर बसू. श्रीखंडाच्या दोन वाट्या शिल्लक राहतील, ज्यांना हव्यात त्यांनी आमच्या पंगतीला यावे.